ब्रेकमागची वायर

१९८८च्या मोटार वाहन कायद्यातले कलम १२१ आता कुणी मुद्दाम काढून वाचत नाही. वळायचे किंवा थांबायचे असेल तर चालकाने ठरावीक खुणा कराव्यात, आणि ती खूण यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने केली तरी चालेल, असा त्याचा आशय. मारुती ८०० रस्त्यावर येऊन तोवर पाच वर्षे होत आली होती. तरी कायद्याच्या लेखी खरा इशारा हाताचा. मागचा लाल दिवा ही वरून दिलेली सवलत.

जुन्या मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर ज्यांनी ट्रक चालवले, त्यांना यात वावगे काही वाटणार नाही. लाकडी केबिनमधून उजवा हात बाहेर, तळवा जमिनीकडे, हात वर-खाली: गाडी मंदावतेय. डाव्या खिडकीत क्लीनर. तो पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला ‘जाऊ दे’ किंवा ‘थांब’ सांगणार. दिवसा हे निभावून जाई. रात्री मनोर ओलांडून जंगल लागले की हात कुणाला दिसणार? तिथून लाल दिव्याची गरज सुरू होते, आणि त्या दिव्यामागच्या वायरीवर पोट भरणाऱ्या माणसाचीही. नाक्यानाक्यावर त्याला ‘वायरमन’ म्हणतात. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ असते, त्याखाली ‘सेल्फ, डायनामो, बॅटरी चार्जिंग’.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत हा धंदा दोन वेगळ्या हवांत वाढला. महामार्ग डहाणू तालुक्याच्या पूर्व अंगाने जातो. चारोटी नाक्यावर पश्चिमेला डहाणूचा रस्ता फुटतो, पूर्वेला कासा आणि जव्हारचा; सरळ वर गेले की दापचरी, तलासरी आणि अच्छाड, पुढे गुजरात. डहाणू गाव मात्र समुद्रावर, नाक्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत. तिथे खारा वारा, इकडे धूळ आणि डिझेल. गाडीच्या वायरिंगला दोन्ही सारखेच मारक, पण मारण्याची तऱ्हा निराळी.

या भागात चाके उशिरा आली. बीबीसीआय रेल्वेने डहाणूला स्टेशन दिले तेव्हापासून जंगलातले लाकूड आणि गवत बैलगाडीने स्टेशनवर यायचे आणि वॅगनमधून मुंबईला जायचे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारल्यांची चळवळ उभी केली, तेव्हाच्या मागण्यांत गवतकापणीच्या मजुरीचा दर होता. ट्रकचा विषयच नव्हता. मोटारी होत्या त्या ठेकेदारांच्या, वाडीवाल्यांच्या आणि सरकारी साहेबांच्या. युद्ध संपल्यावर चित्र बदलले. महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. डॉज आणि फार्गो हे ट्रक त्याच घराण्यातले. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचा ट्रक आला आणि पुढची कित्येक दशके या रस्त्याचा मालक तोच राहिला.

या गाड्यांत वीज किती होती? जीपची अख्खी विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची. हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, सेल्फ, संपले. पण एवढ्यातही घोळ घालायला वाव होता. अमेरिकी जीपमध्ये बॅटरीचे निगेटिव्ह टोक चॅसिसला जोडलेले. विलायती मॉरिसच्या घराण्यातल्या गाड्यांत पॉझिटिव्ह. सकाळी जीप उघडलेल्या हाताने दुपारी मॉरिसला बॅटरी उलटी लावली की नुकसान ठरलेले. या विलायती गाड्यांना विजेचे सामान लुकास कंपनीचे. तिच्या संस्थापकाला इंग्रज मोटारवाले थट्टेने ‘अंधाराचा राजा’ म्हणत, यावरून त्या सामानाचा लौकिक कळावा. ते नाव पुढे १९६१ मध्ये मद्रासच्या टीव्हीएसबरोबर भारतात मुक्कामाला आले, आणि इथल्या वायरमनच्या दोन पिढ्या लुकास-टीव्हीएसचे डायनामो आणि सेल्फ उघडण्यातच मोठ्या झाल्या.

ब्रेकचा दिवा पेटायचा तो तेलाच्या दाबावर. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब वाढतो. त्या लाइनवर एक छोटा पितळी स्विच आटे देऊन बसवलेला. आत पातळ पडदा. दाबाने पडदा सरकला की दोन टोके जुळतात आणि मागे दिवा लागतो. पुढे एअर ब्रेकच्या ट्रकांत तेलाऐवजी हवेचा दाब आला, बाकी युक्ती तीच. बिघाड शोधणेही तसेच सुटसुटीत. स्विचवरच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवायच्या. मागे दिवा लागला तर स्विच गेला, नाही लागला तर पुढे जायचे: फ्यूज, बल्ब, होल्डर, अर्थ. या क्रमात सारी विद्या आली. ती कुठल्या पुस्तकातून आली नव्हती.

आली ती बरीचशी एसटीतून. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे गावोगाव आगारे उभी राहिली. डहाणूलाही आगार आहे. एसटीच्या कार्यशाळेत ऑटो इलेक्ट्रिशियन हे रीतसर पद. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानंतर त्या पदाखाली उमेदवारही घेतले जाऊ लागले. उमेदवारी संपली की सगळ्यांना एसटीत नोकरी थोडीच मिळते? उरलेल्यांना नाका होता. बाकीचे गॅरेजच्या पोऱ्यापासून सुरुवात करून वर चढलेले. पहिली दोन वर्षे बॅटरीत पाणी भरायचे आणि कट-आउटचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, मग कधीतरी जळलेले आर्मेचर हातात मिळायचे, तांब्याची तार गुंडाळायला. सुटे सामान आणायला मुंबई. ऑपेरा हाउसला नवे, कुर्ल्याच्या भंगारात जुने.

हत्यार म्हणावे तर एकच: टेस्ट लॅम्प. एक बल्ब, त्याचा होल्डर, दोन हातभर वायरी. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला खिळा किंवा टोकदार सुई. चिमटा चॅसिसला लावायचा आणि सुई वायरीच्या आवरणात खुपसायची. बल्ब लागला म्हणजे करंट इथवर पोचला. आणखी दोन हात मागे जाऊन पुन्हा खुपसायची. जिथे बल्ब विझतो, त्याच्या आणि आधीच्या भोकाच्या मध्ये रोग. पद्धत बिनचूक, पण प्रत्येक भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते आणि आतले तांबे हिरवे पडते. आजच्या रोगाचा शोध घेताना उद्याचा रोग पेरला जाई. यात कुणाची लबाडी नव्हती. भोकावर टेप मारायची सवय मात्र फार थोड्यांना होती.

किनाऱ्यावरचा नमुना बघायचा तर मासळीचा टेम्पो. डहाणूच्या खाडीवरून, तलासरी तालुक्यातल्या झाईहून किंवा चिंचणी-वरोरच्या बाजूने माल निघतो तो बर्फात. वाटेत बर्फ वितळतो आणि खारे पाणी मागच्या फळीतून नेमके टेललाइटवर गळते. तिथला बल्ब दोन तारांचा: एक तार २१ वॉटची ब्रेकसाठी, दुसरी ५ वॉटची रात्रीच्या मंद लाल उजेडासाठी. दोन्हींचा परतीचा रस्ता एकच, होल्डरचा पत्रा आणि तिथून चॅसिस. तो पत्रा गंजला की वीज घरी जायची वाट हरवते आणि शेजारच्या घरात घुसते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट लुकलुकतो. टेम्पोवाला सांगतो, ‘भूत शिरलंय वायरिंगमध्ये.’ नवखा पोऱ्या बल्ब बदलतो, फ्यूज बदलतो, शेवटी स्विचही बदलतो. जुना माणूस आधी एक सुटी वायर घेऊन होल्डरचा पत्रा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवून बघतो. भूत तिथेच उतरते.

गंज सगळा रस्ता बंद करत नाही, आणि खरी पंचाईत तीच. २१ वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात. तापलेल्या तारेचा रोध सातएक ओम. गंजाने त्यात दोनच ओमची भर घातली तरी बल्बच्या वाट्याला सव्वानऊ व्होल्ट येतात आणि उजेड निम्म्याहूनही खाली जातो. दिवा लागतो, म्हणून मालक निर्धास्त. मागून येणाऱ्याला मात्र ब्रेकचा लाल आणि पार्किंगचा लाल यांत फरक कळत नाही.

महामार्गावरच्या धंद्याला खरी बरकत दिली ती सीमेने. अच्छाडला राज्य संपते. विक्रीकराचा नाका, आरटीओचा नाका, कागद, वजन, पावत्या; ट्रकांच्या रांगा लागायच्या. थांबलेला ट्रक म्हणजे गिऱ्हाईक. चहा, जेवण, टायर, ग्रीस. आणि पुढे तपासणीत दिवे बघतील या धाकाने वायरमन. इतर वेळी महिनोन्महिने आंधळा फिरणारा ट्रक नाका जवळ आला की मागचे डोळे उघडून घ्यायचा. नाका ओलांडल्यावर बल्ब किती दिवस टिकला याची चौकशी कुणी केली नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि कराच्या नाक्यांचे प्रयोजन संपले. दापचरीच्या तपासणी नाक्यावर आरटीओची तपासणी राहिली, पण तासन्‌तास थांबणारी ती जुनी रांग गेली आणि तिच्यावर जगणारे बरेच काही तिच्याबरोबर गेले.

डहाणूत कारखान्यांच्या गाड्या का नाहीत, याचे उत्तर वेगळ्याच कागदात आहे. २० जून १९९१च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांवर कडक बंधने आली. उत्तरेला वापी, दक्षिणेला तारापूर, दोन्हीकडे औद्योगिक वसाहती फुगत गेल्या. मधला डहाणू चिकूच्या वाड्या सांभाळत राहिला. त्या दोहोंकडे जाणारी वाहने इथून नुसती पसार होतात. म्हणून मासळीचे टेम्पो सोडले तर इथल्या वायरमनचे गिऱ्हाईक दोनच प्रकारचे: वाटसरू, नाहीतर वाडीवाला. वाडीतल्या गाडीचा रोग आणखी निराळा. चिकूच्या झाडाखाली चार दिवस गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये संसार थाटतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात.

वाटसरूंत एक ठरलेला प्रवाह पारशी मंडळींचा. डहाणूच्या पुढे गुजरातेत उदवाडा आहे. तिथल्या इराणशाह आतशबेहरामच्या दर्शनाला मुंबईहून मोटारी निघतात. एके काळी त्या बहुतेक फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी. गाड्या म्हाताऱ्या, पण ठेवलेल्या अशा की बॉनेट उघडल्यावर वायरमनचाच जीव हरखावा. पद्मिनीचे उत्पादन २०००च्या सुमारास थांबले. त्याआधीच, १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली होती आणि वायरिंगचे रूप पालटले होते. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, सुट्या वायरींच्या गुंडाळ्याऐवजी प्लास्टिकच्या खटक्याने बसणारे जोड, ठरावीक रंगांच्या वायरी. जुन्या हाताला हे जोड आवडले नाहीत. ओढून उघडावेत तर खटका मोडतो, न मोडता उघडावेत तर खटका सापडत नाही. ब्रेकचा स्विचही तेलाच्या लाइनवरून उठला आणि पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या पोटात जाऊन बसला. आता तो बघायचा तर पाय बाहेर आणि डोके स्टिअरिंगखाली, असे उताणे झोपावे लागते.

या स्विचला खरे महत्त्व मिळाले ते क्रूझ कंट्रोलमुळे, आणि ती गोष्ट सुरू होते एका आंधळ्या माणसापासून. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हेगर्सटाउन नावाच्या गावी राल्फ टीटर हा इंजिनिअर पिस्टन रिंग बनवणाऱ्या पर्फेक्ट सर्कल कंपनीत होता. पाच वर्षांचा असताना अपघाताने त्याची दृष्टी गेली होती. असे सांगतात की त्याचा वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय ढिला सोडायचा आणि ऐकू लागला की दाबायचा. शेजारी बसलेल्या टीटरला हे हिसके असह्य झाले. डोळसाला जे जाणवले नसते ते त्याला पाठीच्या कण्यात जाणवले. वेग एका ठिकाणी धरून ठेवणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याला १९५० मध्ये मिळाले, आणि १९५८च्या मॉडेलपासून क्रायस्लरने ते आपल्या महागड्या गाड्यांत बसवले. त्याच क्रायस्लरच्या घराण्यातले ट्रक तेव्हा चारोटीच्या पुढे खड्डे चुकवत चालले होते. तिथे वेग धरून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो वेळेवर सोडण्याचा.

क्रूझ कंट्रोलमध्ये जपायची गोष्ट हीच आहे: लावणे सोपे, सुटणे खात्रीचे हवे. पेडलला पाय लागताक्षणी यंत्राने इंजिनावरचा ताबा सोडलाच पाहिजे. जुन्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या यंत्रांत त्यासाठी दुहेरी सोय असे. विजेचा स्विच आणि शिवाय पेडललाच जोडलेली हवेची झडप. आजच्या गाड्यांत बहुधा एकाच स्विचच्या पोटात दोन वेगळी सर्किटे असतात. पेडल मोकळे असताना एक उघडे, दुसरे बंद. पाय पडला की उलट. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, दोन्ही साक्षी ताडून बघतो. जबान्या जुळल्या नाहीत तर तो कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि क्रूझ कंट्रोल बंद करतो. म्हणून ‘क्रूझ लागत नाही’ अशी तक्रार आली की स्टिअरिंगवरची बटणे उचकटण्याआधी गाडीच्या मागे एक माणूस उभा करून ब्रेक दाबावा. दहात कितीदा रोग तिथे असतो याचा आकडा सांगता येणार नाही, पण पहिला संशयित तोच.

एकाच स्विचवर इतका भार टाकणे किती महागात पडते, हे अमेरिकेत दोनदा दिसले. फोर्ड कंपनीने क्रूझ कंट्रोल सोडवणारा एक स्विच थेट ब्रेक ऑइलच्या दाबावर बसवला होता. जुन्या जीपचीच युक्ती, नव्या कामाला जुंपलेली. आतला पडदा तडकला की तेल विजेच्या टोकांपर्यंत झिरपायचे. स्विचला किल्ली काढल्यावरही करंट मिळत असल्याने बंद गाड्यांना उभ्या जागी आगी लागल्या. १९९९ ते २००९ या दशकात परत बोलावलेल्या गाड्यांची संख्या दीड कोटीच्या आसपास गेली. मग एप्रिल २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किआने पेडलवरच्या स्विचसाठी सुमारे १७ लाख गाड्या तिथे परत बोलावल्या. कारण दोन ओळींचे: पेडल दाबूनही ब्रेकचे दिवे लागणार नाहीत आणि क्रूझ कंट्रोल सुटणार नाही, अशी शक्यता.

हा सगळा सरंजाम डहाणू-तलासरीत पोचायला आधी रस्ता पोचावा लागला. सुवर्ण चतुर्भुज योजनेची पायाभरणी जानेवारी १९९९ मध्ये झाली आणि हा रस्ता चौपदरी झाला. २००९ पासून दहिसर-सुरत टप्प्याचे सहापदरीकरण सुरू झाले. रस्त्याचा नंबर आठवरून अठ्ठेचाळीस झाला, जुन्यांच्या तोंडात आठच राहिला. २०११ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० सारख्या गाड्यांनी क्रूझ कंट्रोल मध्यमवर्गाच्या दारात आणले. पहाटे मुंबई सोडून सुरतेकडे निघालेल्या माणसाने मनोरच्या पुढे बटण दाबून पाय आखडून बसावे, असे दिवस या रस्त्याला पहिल्यांदाच आले. त्याच सुमारास, २०१५ पासून नव्या व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर सक्तीचा झाला. एकाला वेग धरून ठेवायचे यंत्र, दुसऱ्याला वेग अडवायचे. एकाच रस्त्यावर, एकाच वायरमनच्या पदरात. पहिले चालू करून मागणारे आणि दुसरे बंद करून मागणारे, अशी गिऱ्हाइकांची विभागणी झाली.

नाक्यावर येणाऱ्या या नव्या तक्रारींत दोन चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. पहिला रबराच्या बुचाचा. पेडलच्या दांड्यावर जिथे स्विचची पिन टेकते तिथे बोटाच्या पेराएवढे रबर किंवा प्लास्टिकचे बूच असते. उन्हाने, वयाने ते तडकते आणि एक दिवस चुरा होऊन पायाखालच्या मॅटवर पडते. आता पिनला टेकायला काही उरले नाही. गाडीला वाटते, ब्रेक सतत दाबलेलाच आहे. क्रूझ लागत नाही, मागचे लाल दिवे रात्रभर जळतात, सकाळी बॅटरी मेलेली. मालक बॅटरीवाल्याकडे जातो, नवी बॅटरी घेतो, तिसऱ्या दिवशी तीही मरते. मॅटवरचा चुरा आधी कुणी पाहिला असता तर काम चहाच्या किमतीत झाले असते.

दुसरा चेहरा हौसेचा. पिवळा उजेड जुनाट दिसतो म्हणून बाजारातले एलईडी बल्ब मागे बसवले जातात. एलईडीची बाजू खरी आहे: तापणाऱ्या तारेपेक्षा तो सेकंदाचा पाचवा हिस्सा आधी पूर्ण उजळतो, आणि ताशी १०० किलोमीटरला तेवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर कापते. पण काही गाड्यांचे क्रूझ कंट्रोल ब्रेकच्या वायरीत बल्बच्या तारेचा कमी रोध शोधत असते. तो तिथे आहे म्हणजे सर्किट शाबूत. एलईडीत तो मिळत नाही. दिवा झकास लागतो, क्रूझ मुकाट्याने संप करते. अशा वेळी एका बाजूला जुना काचेचा बल्ब परत लावून पाहणे, ही दोन मिनिटांची तपासणी.

स्कॅनर या धंद्यात शिरला तो सरकारी नियमांच्या मागून. प्रदूषणाच्या मानकांबरोबर एप्रिल २०१०पासून गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवण्याची सक्ती आली, २०१३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-६. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला की पी ०५७१ असा कोड उमटतो: ब्रेक स्विचच्या सर्किटमध्ये गडबड. किंवा पी ०५०४: दोन सर्किटांचा मेळ नाही. जुन्या हातांना हा आकडा बघून हायसे वाटायला हवे होते. झाले उलटे. त्यांचा टेस्ट लॅम्प इथे घातकी ठरला. सेन्सरच्या वायरीत असतात पाच व्होल्ट आणि किरकोळ करंट. त्यात सुई खुपसून अख्ख्या बल्बचा भार टाकला की ईसीयूतला नाजूक भाग जळू शकतो, आणि मग स्विचच्या कामाचे बिल कैक पटींनी वाढते. काहींनी मल्टीमीटर धरला, काहींनी मोबाइलवर चालणारे स्वस्त स्कॅनर घेतले, काहींनी ‘नवीन गाडी घेत नाही’ अशी मर्यादा घालून ट्रक आणि टेम्पोंवर भागवले. तिसऱ्या गटाला हिणवू नये. आपल्याला काय येत नाही हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा कारागीर कुठल्याही धंद्यात विरळा.

नवख्यांची चूक वेगळी. कोड स्विचचा आला की ते स्विच बदलतात. पण ईसीयूला फक्त एवढेच कळते की ठरलेला व्होल्ट ठरल्या वायरीवर आला नाही. तो का आला नाही हे त्याला ठाऊक नसते. फ्यूज गेलेला असू शकतो, उंदराने वायर खाल्लेली असू शकते, जोडात पाणी असू शकते, मागच्या होल्डरचा पत्रा गंजलेला असू शकतो. झाईच्या टेम्पोवर शिकलेला माणूस इथे स्कॅनरवाल्याच्या पुढे निघतो.

४ सप्टेंबर २०२२च्या दुपारी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज आदळली. उदवाड्याहून मुंबईकडे येणारे उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे मागच्या सीटवरचे दोघे गेले. मागे बसणाऱ्यांच्या सीटबेल्टची चर्चा देशभर झाली, ती व्हायलाच हवी होती. पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मर्सिडीज कंपनीने पालघर पोलिसांना दिलेला अहवाल. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती काढून त्यात सांगितले होते की आदळण्याआधी पाच सेकंद गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता, ब्रेक दाबला गेला आणि आदळताना वेग ८९ होता. ब्रेक लागला की नाही, कधी लागला, ही एकेकाळी पंचनाम्यात टायरच्या खुणांवरून आणि साक्षीदारांच्या सांगण्यावरून ठरणारी बाब आता गाडीच सांगू लागली होती. त्या वेळच्या बातम्यांनुसार घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी तोवर २६२ अपघात आणि ६२ मृत्यू झाले होते. यातल्या बहुतेक वाहनांनी असा कुठलाही जबाब दिला नसणार.

मागून होणाऱ्या धडकांवर उपाय माहीत नव्हता असे नाही. १९७४ मध्ये जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींच्या मागे एक जादा ब्रेकचा दिवा लावला आणि मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. १९८६च्या मॉडेलपासून अमेरिकेत मोटारींना तिसरा दिवा सक्तीचा झाला. आपल्याकडच्या नव्या मोटारींच्या मागच्या काचेत तो दिसतो. त्याच काचेपुढे, डाव्या लेनमध्ये, मागे एकही दिवा नसलेली उसाची किंवा गवताची ट्रॉली दिसते; आणि पाटा तुटून बसलेल्या ट्रकमागे लाल त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाच्या फांद्या मांडलेल्या.

आता महामार्गावर काँक्रीटचा थर चढला आहे, आणि तलासरीतून दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग जातो आहे, ताशी १२० किलोमीटरच्या हिशेबाने आखलेला. २०२१च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० पासून पुढे रडार लावलेले क्रूझ कंट्रोल मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळू लागले. पुढची गाडी मंदावली की ते स्वतः मंदावते, तिचा लाल दिवा लागला की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मागे चालणाऱ्या साध्या गाडीला मात्र आहे: रडारने स्वतःहून ब्रेक मारला तरी मागचा दिवा पेटवावा लागतो, आणि तेव्हा पेडलवर पाय नसतो, म्हणून तो दिवा आता ईसीयूच्या हुकमाने पेटतो. बंपरला धक्का बसून रडार थोडे जरी तिरके झाले तर ते पुन्हा सरळ करायला लागणारी साधने नाक्यावर नाहीत. ती गाडी वापी, वसई किंवा ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागते. वायरमनकडे उरतो तो बंपरमधून तुटलेला जोड, त्यात शिरलेले पावसाचे पाणी आणि मागच्या होल्डरचा गंजलेला पत्रा. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली की पंधरा दिवस चारोटीला जीप आणि टेम्पोंची रीघ लागते, आणि त्या दिवसांत २१/५ वॉटचे बल्ब तो खोक्याने आणून ठेवतो.